वास हाय, निवांत झोपा

फार वर्षांमागची गोष्ट आहे. किती वर्षांमागची ते विचारू नका. ज्या म्हाताऱ्याने ती मला सांगितली, त्याच्या पणजीनेही ती ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती.

उघड्या डोंगरांच्या पायथ्याशी तीस घरांचं एक गाव होतं. चार महिने तिथे पाऊस पडायचा, तेव्हा खाचरांत गुडघाभर पाणी असायचं आणि त्यात भात उभं राहायचं. मार्गशीर्षात भात कापून झालं की तीच खाचरं सुकायची, भेगाळायची. गुरांना चरायला काडी उरायची नाही. आणि नेमकं तेव्हाच, कापलेल्या भाताच्या धसकटांमधून, एक रानफूल वर यायचं.

गाव त्याला मुंडी म्हणायचं. दिसायला ते काही खास नव्हतं. वीतभर उंचीचं पसरट झुडूप, चिकट पानं, आणि टोकाला बोराएवढे गोल जांभळे गोंडे. ते कोणी देवाला वाहत नसे आणि कोणी केसांत माळत नसे. पण त्याला वास होता. खाचरातून चालताना झुडपावर पाय पडला की तो उठायचा, थोडा गोड आणि थोडा कडवट, आणि लुगड्याच्या काठाला दिवस मावळेपर्यंत राहायचा.

गावाचा सगळा जीव या वासावर होता. पुढच्या पेरणीचं बियाणं विणलेल्या बांबूच्या ज्या कणगीत ठेवायचं, त्या कणगीत भाताचा एक थर आणि वाळलेल्या मुंडीचा एक थर, असं वरपर्यंत भरत जायचं. मग तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. मुंडीचा वास आत असेतो सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे बारीक किडे, कणगीच्या जवळ फिरकत नसत. वास उतरला की मात्र पंधरवड्यात दाण्याचं पीठ व्हायचं.

म्हणून कणगीच्या बुडाशी बोटभर भोक ठेवलेलं असे आणि त्यात चिंधीचा बोळा बसवलेला असे. माघापासून वैशाखापर्यंत चार अमावास्यांना तो बोळा काढायचा आणि आतला वास हुंगायचा. पूर्वी ज्याच्या घरची कणगी तोच हुंगत असे. मग एक म्हणे वास आहे, दुसरा म्हणे गेला, आणि तिसरा म्हणे मला पडसं आहे, मला विचारू नका. या वादावादीत एका वर्षी अर्ध्या गावाचं बियाणं गेलं. तेव्हा जाणत्यांनी ठरवलं की गावात नाक एकच असावं. ज्या बाईचं नाक सगळ्यांत तेज असेल तिने सगळ्या कणग्या हुंगाव्यात, आणि बाकी कोणी बोळ्याला हात लावू नये.

ठरवलं ते शहाणपणानेच ठरवलं होतं. पण शहाणपणाच्या गोष्टीलाही पिढ्या उलटल्या की पुटं चढतात. पुढे पुढे असं झालं की हुंगणारी बाई घरात आली आणि तिने बोळा काढला की घरच्या माणसांनी कणगीकडे पाठ करून उभं राहायचं. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. आपला श्वास आत जाऊ नये म्हणून, असं काहीजण सांगायचे. ज्या गावाला काही माहीत नसतं, त्या गावाला कारणं मात्र पुष्कळ माहीत असतात.

आपल्या गोष्टीच्या काळात हे काम एका म्हाताऱ्या बाईकडे होतं. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिचा मुलगा तरणाताठा असताना साप चावून गेला होता. घरात ती आणि तिची विधवा सून, अशा दोघीच. त्यांना शेत नव्हतं. हुंगण्याच्या कामाबद्दल दर घरातून नव्या भाताचं पहिलं माप म्हातारीच्या दारात येऊन पडायचं, आणि त्यावर दोघींचं वर्ष निघायचं.

मावशीचं नाक खरोखरच असामान्य होतं. एकदा पाटलाच्या घरी लग्न होतं. मांडवात जेवायला बसलेली मावशी घास हातात धरून थांबली आणि म्हणाली, "माजघरातल्या कणगीचा वास उतरलाय." पाटलाला भर मांडवात अपमान झाल्यासारखं वाटलं. पण कणगी फोडली तर वरच्या थरात नुकतेच सोंडे शिरलेले निघाले. बियाणं चार दिवस उन्हात घातलं, निवडलं, राख चोळून पुन्हा भरलं आणि वाचलं. त्या दिवसापासून मावशीच्या शब्दापुढे गावात कोणी शब्द काढला नाही.

तिचे शब्दही ठरलेले होते. सगळं ठीक असलं की ती म्हणायची, "वास हाय, निवांत झोपा." आणि ठीक नसलं की म्हणायची, "वास उतरला, कणगी फोडा." एवढंच. पहिलं वाक्य ऐकलं की घरचे लोक वळायचे, तिच्या पाया पडायचे, आणि खरोखरच निवांत झोपायचे.

सुनेचं नाकही बरं होतं. ती कधी कधी म्हणायची, "आत्याबाई, मला शिकवा की. उंद्या तुम्ही थकलात तर कोण हाय?"

"अजून माजं नाक जाग्यावर हाय," म्हातारी म्हणायची. "तुला काय घाई झाली?"

सून आपल्या कामाला लागायची. म्हातारीला ती आवडत नव्हती असं नाही. पण जी खुर्ची, जो पाट आपला असतो, त्याच्याकडे दुसऱ्याने नुसतं पाहिलेलंही माणसाला खपत नाही.

तर एका वर्षी पाऊस लवकर गेला. भात कसंबसं पिकलं. खाचरं मार्गशीर्षाच्या आतच दगडासारखी झाली आणि मुंडी विरळ आली. जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे दहा पावलांवर एक झुडूप, आणि त्यावर गोंडे चार. बायकांनी दोन आठवडे वेचलं तरी टोपल्या अर्ध्याच भरल्या. हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. कणग्यांत मुंडीचे थर पातळ पडले, तेही सगळ्यांनी आपल्याच हातांनी घातले.

"यंदा थर बारीक हायेत," पाटलीणबाई म्हणाली.

"मावशी हाय ना," पाटील म्हणाला. "वास उतरला तर ती सांगंल."

हे उत्तर तीसच्या तीस घरांत दिलं गेलं. कणग्या लिंपल्या गेल्या आणि लोक आपापल्या कामाला लागले.

आणि पौष संपता संपता मावशीला पडसं झालं.

पडसं कोणाला होत नाही? पण हे साधं नव्हतं. बारा दिवस ती तापाने फणफणत होती. सुनेने काढे दिले, छाती शेकली, रात्री उशाशी बसून काढल्या. तेराव्या दिवशी ताप उतरला आणि म्हातारी चुलीपाशी येऊन बसली. सुनेने लसणाची फोडणी देऊन कुळथाचं पिठलं केलं होतं. दोन घास खाऊन म्हातारी म्हणाली, "आज फोडणी दिली न्हाईस का गं?"

सून तिच्याकडे बघत राहिली. घरभर लसणाचा वास भरला होता. पण आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, म्हणून ती काही बोलली नाही.

माघाची अमावास्या आली. मावशी रिवाजाप्रमाणे आधी पाटलाच्या घरी गेली. तिने माजघरात जाऊन बोळा काढला. पाटील आणि पाटलीणबाई पाठ करून उभे राहिले. म्हातारीने भोकाला नाक लावून श्वास ओढला.

काहीच नव्हतं.

तिला वाटलं, वास पुरता उतरला. तिने पुन्हा ओढला. ना मुंडी, ना भात, ना शेणाचं लिंपण. इतकं रिकामं तिने आजवर काही हुंगलं नव्हतं. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मागून पाटील खाकरला. तीस वर्षांच्या सवयीने तोंड उघडलं आणि सवयीचे शब्द बाहेर पडले. "वास हाय, निवांत झोपा."

दुसऱ्या घरीही काही नव्हतं. तिसऱ्या घरी चुलीवर सुकट भाजत होती. धूर डोळ्यांत गेला, डोळ्यांत पाणी आलं, पण नाकाला काही कळलं नाही. तेव्हा म्हातारीला समजलं की रिकाम्या कणग्या नाहीत, आपण आहोत.

त्या दिवशी तिने उरलेली सत्तावीस घरं कशी केली ते तिलाच माहीत. दर घरी ती वाकली, बोळा काढला, श्वास ओढला आणि तेच वाक्य बोलली. घरी न जाता ती थेट खाचरात गेली. एका बांधाशी मुंडीचं सुकत आलेलं झुडूप उभं होतं. तिने गोंडा तोडला, तळहातावर चुरडला आणि नाकाशी धरला. मग दुसरा चुरडला. मग आख्खं झुडूप उपटून तोंडावर घासलं. ओठ सोलवटले, पण वास आला नाही. बांधावर बसून ती लहान पोरीसारखी रडली. नवरा गेला, मुलगा गेला, तेव्हा ती इतकी रडली नव्हती, कारण तेव्हा तिच्याकडे काहीतरी उरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, तिने त्याच संध्याकाळी गावाला सांगायचं होतं. बरोबर आहे. दुसऱ्याने काय करायचं होतं हे आपल्याला नेहमीच लगेच समजतं. पण म्हातारीने असा विचार केला, की पडशाचा अंश अजून अंगात आहे, महिन्याभरात नाक मोकळं होईल. कशाला बोभाटा करायचा? सांगितलं तर दारात पडणारं पहिलं माप थांबेल, दोघी खाणार काय? आणि मावशी म्हणून पाया पडणारं गाव उद्या म्हातारे म्हणून हाक मारेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मूठ झाकली.

फाल्गुन आला. नाक मोकळं झालं नाही.

एका सकाळी सून पाणी आणायला गेली होती आणि म्हातारी चुलीपाशी भाकरी भाजत होती. सून परत आली तेव्हा घरात धूर कोंडला होता. तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर झाली होती आणि तव्याकडे पाठ करून म्हातारी शांतपणे पीठ मळत बसली होती. सुनेने तवा उतरवला. हंडा खाली ठेवून ती सासूपुढे बसली.

"आत्याबाई, तुमचं नाक कधीपासून गेलंय?"

म्हातारीने पीठ मळणं थांबवलं नाही. "कोण म्हणतं गेलंय?"

"मी म्हणते. पिठल्याच्या येळंसच मला शंका आली व्हती."

म्हातारीने पिठात पाण्याचा हबका मारला. मग सून हळू आवाजात म्हणाली, "अमुशा परवा हाय. मी संगं येते. लोक भेट देत्यात ती टोपली धराय म्हणून येते. बोळा काढला की आधी माज्याकडं द्या. मी हुंगते आणि वास असला तर मान हलवते. बोलायचं तुम्हीच. गावाला कळायचं बी न्हाई."

इतकं सोपं होतं ते. सुनेला पाट नको होता आणि माप नको होतं. म्हातारीने नुसतं हो म्हटलं असतं तरी तीस घरं वाचली असती आणि तिचा मानही गेला नसता. पण घाबरलेल्या माणसाला मदतीचा हातही ओरबाडायला आल्यासारखा दिसतो.

"आज मान हलवशील," म्हातारी म्हणाली, "उंद्या तोंड हलवशील. परवा गाव म्हणंल, आता म्हातारी कशाला हवी? माज्या जित्तेपणी न्हाई. आणि भाईर कुठं बोललीस तर माज्या लेकाची आण हाय तुला."

मेलेल्या नवऱ्याची आण घातल्यावर सून काय बोलणार? तिने जळकी भाकरी उकिरड्यावर टाकली. फाल्गुनाच्या अमावास्येला म्हातारी एकटीच निघाली, आणि तीस घरांना निवांत झोपायला सांगून आली.

इकडे ऊन तापू लागलं होतं. पातळ थरांतली मुंडी दिवसेंदिवस बिनवासाची होत चालली होती. भिंतीच्या फटींत सोंडे बसलेले होतेच. त्यांच्यात कोणी मावशी नव्हती आणि पाठ करून उभं राहायचा रिवाजही नव्हता. ज्याने त्याने आपापल्या नाकाने हुंगलं.

"काय रे, वास येतोय का?" एका सोंड्याने दुसऱ्याला विचारलं.

"काल येत होता. आज नाही."

"म्हातारी तर वास आहे म्हणून सांगून गेली."

"ती त्यांना सांगून गेली," दुसरा म्हणाला. "आपल्याला नाही." आणि ते आत शिरले.

चैत्रात म्हातारीच्या गुडघ्यांनी दगा दिला. काठी धरून चालायचं तर भेटीची टोपली धरायला माणूस हवं, म्हणून नाइलाजाने तिने सुनेला बरोबर घेतलं. पाटलाच्या माजघरात तिने बोळा काढला आणि हात भिंतीला टेकायला हवा म्हणून नकळत तो सुनेकडे दिला. पाटील-पाटलीणबाईंच्या पाठी वळलेल्या होत्या. सुनेने बोळा नाकाशी नेला.

मुंडीचा मागमूसही नव्हता. उबट, आंबूस, पिठासारखा वास होता, आणि बोळ्याच्या चिंधीवर बारीक भुकटी लागली होती. सुनेने सासूकडे पाहिलं. म्हातारीला वास आला नाही, पण तिला सुनेचा चेहरा दिसला.

 मग म्हातारीने बोळा तिच्या हातातून घेऊन भोकात घट्ट बसवला. "वास हाय, निवांत झोपा."

घरी येताना वाटेवर सून म्हणाली, "दाणा उबलाय, आत्याबाई. पर अजून येळ हाय. आज सांगितलं तर उंद्या कणग्या फुटतील. उन्हात घालून, निवडून अर्धं बियाणं तरी हाताला लागंल."

"आणि लोक इचारतील, माघात काय झालं व्हतं? फाल्गुनात काय झालं व्हतं? तवा काय सांगू?"

"खरं सांगा."

"तीन अमुशा खोटं बोलले म्हणून सांगू?" म्हातारी वाटेतच थांबली. "माघात सांगणं सोपं व्हतं गं. आता लई जड झालंय."

सुनेला पाटलाच्या दारात जाऊन ओरडावंसं वाटलं. ती वळलीही होती. पण आण आठवली, नवऱ्याचा चेहरा आठवला, आणि सगळ्या गावापुढे म्हातारी एकटी उभी असलेली डोळ्यांसमोर आली. तिला दया आली. मी म्हणतो, या गोष्टीत सगळ्यांत महाग पडली ती ही दया.

वैशाखाची अमावास्या म्हातारीने अर्ध्या वेळात उरकली. ती आता नाकसुद्धा भोकापर्यंत नेत नव्हती. पाहणारं होतं कोण? सगळ्यांच्या पाठीच होत्या.

ज्येष्ठात आभाळ भरून यायला लागलं. धूळपेरणीचा दिवस ठरला. पाटलाने नारळ फोडला आणि आपल्या कणगीचं तोंड उघडलं. वरचं भात सोनेरी दिसत होतं. त्याने हात घातला तर हात कोपरापर्यंत सर्रकन आत गेला, जणू आत काही नव्हतंच. बाहेर काढला तेव्हा त्यावर पांढरी भुकटी होती आणि सोंडे चालत होते. त्याने कणगी आडवी केली. टरफलं आणि पीठ घरभर पसरलं.

मग घराघरातून ओरड उठू लागली. एक कणगी फुटायची, आवाज यायचा. थोड्या वेळाने दुसऱ्या आळीतून आवाज यायचा. दुपारपर्यंत तीस कणग्या फुटल्या. दोन कणग्या चुलीच्या वर माळ्यावर होत्या, त्यांना सहा महिने धूर लागला होता, तेवढ्या बऱ्या निघाल्या. अठ्ठावीस घरांत पेरायला दाणा नव्हता.

शेजारच्या गावांकडे माणसं धावली. पण पाऊस त्यांचाही लवकर गेला होता. जो तो आपल्यापुरतं बियाणं उराशी धरून बसला होता. माणसं रिकाम्या पोत्यांनिशी परत आली.

दुसऱ्या सकाळी गाव पारावर जमलं. म्हातारी काठी टेकत आली आणि मधोमध उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"माजं नाक पौषातच गेलं," ती म्हणाली. "चार अमुशा मी खोटं बोलले. सुनेला ठावं व्हतं, पर तिला मी आण घातली व्हती. तिला काय बोलू नका. मला काय करायचं ते करा."

एकाने दगड उचलला. कोणी त्याला थांबवलं नाही, पण तो दगड त्याने आपणहूनच खाली टाकला. कारण तेवढ्यात पाटलीणबाई बोलू लागली, आणि ती कोणाशी बोलत होती ते नीट कळत नव्हतं.

"मुंडी इरळ आली ती मीच वेचली," ती म्हणाली. "थर बारीक झाले ते मीच घातले. बोळा निघाला की मी पाठ केली. चार येळा केली. एकदा वळून हुंगलं असतं तर मला कोण मारणार व्हतं? नाक मला बी व्हतं की."

 हातच्या कंकणाला आरसा लागत नाही म्हणतात. या गावाने हातात कंकण असून आरसा दुसरीच्या हातात दिला होता, आणि वर डोळे मिटून घेतले होते.

दोन कणग्यांचं बियाणं वाटून घराला चार-चार ओंजळी आलं. त्यात एकेका घराचा एक वाफाही भरला नसता, म्हणून सगळ्यांनी मिळून पाटलाच्या दोन खाचरांत ते पेरलं. उरलेली खाचरं तशीच पडली. कोठीतलं खायचं भात केव्हाच कांडून ठेवलेलं होतं, ते पेरता येत नव्हतं आणि आषाढापर्यंतच पुरणार होतं.  मग एकेक कुटुंब गुरं पुढे घालून, डोक्यावर बोचकी घेऊन, खालच्या नदीकाठच्या मुलखात कामाला निघालं. निघताना घराच्या दाराला बाहेरून कडी लावायची सवय नव्हती कोणाला. दारं वाऱ्याने उघडमीट करत राहिली.

सुनेने बोचकं बांधलं. "चला, आत्याबाई."

"मी कोणत्या तोंडानं येऊ?" म्हातारी म्हणाली. "वाटंत चालणाऱ्या दर पोराकडं मला बघवंल का? तू जा. मी म्हणते म्हणून जा."

सुनेने मडक्यात होते नव्हते ते तांदूळ तिच्यापाशी ठेवले आणि ती गेली. गावात सात म्हातारी माणसं मागे राहिली, ज्यांना चालता येत नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यांतली चार गेली. ओल्या लाकडांवर त्यांना जाळायला पुरेशी माणसंही नव्हती. मावशी मात्र तगली. ती उरलेल्यांना पाणी आणून द्यायची, त्यांचं करायची. तिच्याशी कोणी वाकडं बोललं नाही. कोणी सरळही बोललं नाही.

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला. दोन खाचरांतलं भात चांगलं आलं, आणि मागे राहिलेल्यांनी ते कसंबसं कापून एका कणगीत भरलं. न पेरलेल्या बाकीच्या खाचरांत पाणी नुसतं तुंबलं आणि यथावकाश सुकलं. त्या खाचरांत ना नांगर फिरला होता ना पाय पडला होता. त्यामुळे पौषात तिथे जी मुंडी आली, तशी कोणी जन्मात पाहिली नव्हती. बांधापासून बांधापर्यंत जांभळं झालं. डोंगराच्या पायथ्यापासून गावाच्या रिकाम्या घरांपर्यंत एक वीतही मोकळी उरली नाही.

सून त्याच दिवसांत परत आली. नदीकाठी काम संपलं होतं आणि गावातून काही बातमी नव्हती. खिंड ओलांडताच तिला वास आला. अर्धा कोस दूर होतं गाव, तरी वास इतका दाट होता की ती थांबली. खाली येईपर्यंत तिचे डोळे भरून आले होते. सगळ्या मुलखाच्या कणग्या भरतील एवढी मुंडी फुलली होती, आणि एक सोडली तर गावातल्या कणग्या रिकाम्या होत्या.

म्हातारी खाचराच्या मधोमध बसलेली होती. ती फार वाळली होती. तिच्या ओच्यात गोंडे होते, पण ती ते वेचत नव्हती, नुसती हात ठेवून बसली होती. सुनेची चाहूल लागली तशी तिने मान वर केली. कशी आहेस, कधी आलीस, असं काही तिने विचारलं नाही. ओच्यातला एक गोंडा उचलून तिने चुरडला आणि तळहात पुढे केला.

"जरा हुंगून सांग गं. वास हाय का?"

सून तिच्याजवळ बसली. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"हाय, आत्याबाई. लई हाय."

म्हातारीने मान डोलावली. "एवढंच इचारायचं व्हतं गं मला," ती म्हणाली. "माघातच इचारायचं व्हतं."

मग ती रडली नाही. सुनेचा खांदा धरून ती उठली आणि दोघी मिळून अंधार पडेपर्यंत मुंडी वेचत राहिल्या, एवढी कशात घालायची ते ठाऊक नसताना.

ते गाव पुन्हा पुरतं कधीच भरलं नाही. तीस घरांपैकी अकरा घरी चूल पेटली. बाकीची माणसं नदीकाठीच राहिली आणि हळूहळू त्या मुलखाची झाली. त्या अकरा घरांत मात्र पुढे जेव्हा जेव्हा बोळा निघाला, तेव्हा कोणी पाठ केली नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे ओळीने हुंगत आणि ज्याला जे वाटे ते बोलत. भांडणंही होत. पण बियाणं पुन्हा कधी गेलं नाही.

बोध: एकाने भीतीपोटी झाकलेली आणि बाकीच्यांनी पाठ करून न पाहिलेली उणीव साऱ्या गावाच्या शेतात उगवते.